तारीख नसलेली इजा



ज्याचे उभे आयुष्य मुलांना इतिहास शिकविण्यात गेले, त्याचा तारखांचा मोह म्हातारपणीही सुटत नाही. लढाई केव्हा झाली, तह केव्हा झाला, गादीवर कोण केव्हा बसला, हे आम्ही मास्तर मंडळी पिढ्यान् पिढ्या पाठ करवून घेत आलो. न्यायासनालाही हाच मोह आहे, आणि त्याचा मोह आमच्याहून सकारण आहे. फिर्यादी पुढे आला की त्याला पहिला प्रश्न पुसला जातो तो हा, की बाबा रे, तुला इजा कोणत्या दिवशी झाली? आगगाडीच्या चाकाखाली ज्याचा पाय गेला त्याला दिवसच काय, घटकाही सांगता येते. परंतु वर्षानुवर्षे प्रत्येक श्वासाबरोबर चिमूटभर धूळ ज्याच्या छातीत जात राहिली, त्याने कोणती तारीख सांगावी? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एका आगवाल्याच्या, म्हणजे इंजिनावरील फायरमनच्या दाव्यात हा प्रश्न थेट तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९४९ साली त्याचे उत्तर मिळाले. त्या दाव्याची हकीकत आज आपणांपुढे ठेवावयाची आहे. परंतु ती समजण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागेल.

१८३७ साली इंग्लंडात एका खाटकाच्या नोकराने आपल्या धन्यावर फिर्याद केली. गाडीत माल बेसुमार भरला होता. गाडी मोडली आणि नोकराच्या मांडीचे हाड मोडले. लॉर्ड ॲबिंजर यांच्या न्यायालयाने ठरविले की, नोकराने असल्या धोक्याबद्दल धन्याकडे दाद मागू नये. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात, समुद्रापलीकडे मॅसॅच्युसेट्स संस्थानात, बॉस्टन आणि वुस्टर रेल्वेचा फारवेल नावाचा इंजिनड्रायव्हर गाडी घेऊन चालला असता सांधेवाल्याने सांधा चुकीचा ठेविल्यामुळे गाडी रुळांवरून घसरली आणि फारवेलचा उजवा हात चिरडला. त्याचा रोज दोन डॉलर होता. १८४२ साली मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांनी निकाल दिला तो असा : ड्रायव्हर आणि सांधेवाला हे एकाच धन्याचे नोकर, एका नोकराच्या चुकीने दुसऱ्यास इजा झाली तर धनी जबाबदार नाही, शिवाय धोक्याच्या कामाला मजुरी अधिक मिळते, त्या अधिक मजुरीतच धोक्याची किंमत आलेली आहे. नोकर एकमेकांवर नजर ठेवतील तर अपघात टळतील, असेही शॉसाहेबांचे म्हणणे होते. भरधाव इंजिनावर बसलेल्या माणसाने पुढच्या वळणापलीकडील सांधेवाल्यावर नजर कशी ठेवावी, याचा खुलासा मात्र त्यांच्या निकालपत्रात समाधानकारक सापडत नाही. (जाता जाता सांगतो, हे शॉसाहेब म्हणजे ‘मोबी डिक’ लिहिणाऱ्या हर्मन मेल्व्हिलचे सासरे.)

या ‘सहनोकरा’च्या सिद्धान्ताने अर्धशतकाहून अधिक काळ रेल्वे कंपन्यांच्या तिजोऱ्यांवर पहारा केला. त्याच्या जोडीला आणखी दोन पहारेकरी होते. कामगाराची स्वतःची यत्किंचितही चूक असली तर त्याचा सगळा दावा बुडे. आणि धोका माहीत असून त्याने काम पत्करले असेल तर तो धोका त्याने आपखुशीने अंगावर घेतला असे मानले जाई. इकडे रुळांवर काय चालले होते? डबे जोडण्यासाठी ब्रेकवाल्याला दोन डब्यांच्या मधे शिरून लोखंडी कडीत खुंटा घालावा लागे. हाताची बोटे किती उरली आहेत यावरून त्याची नोकरी किती वर्षांची ते ओळखावे, अशी स्थिती होती. १८८९ साली संपलेल्या एका वर्षात अमेरिकन रेल्वेवर सुमारे दोन हजार नोकर ठार आणि वीस हजार जखमी झाले. अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी त्याच वर्षी काँग्रेसला, म्हणजे तेथील विधिमंडळाला, पाठविलेल्या संदेशात या लोकांच्या जिवाला असलेला धोका रणांगणावरील शिपायाच्या धोक्याशी ताडून पाहिला. १८९३ साली आपोआप जुळणाऱ्या जोडण्या आणि हवेच्या दाबाचे ब्रेक सक्तीचे करणारा कायदा झाला.

नुकसानभरपाईचा कायदा मात्र आणखी पंधरा वर्षांनी आला. १९०६ साली केलेला पहिला कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९०८ च्या जानेवारीत घटनाबाह्य ठरविला. कारण आंतरसंस्थानी वाहतुकीशी संबंध नसलेल्या नोकरांनाही तो लागू होई आणि तितका अधिकार काँग्रेसला नाही असे न्यायमूर्तींना दिसले. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत २२ एप्रिल १९०८ रोजी तो नव्याने संमत झाला आणि १९१२ साली न्यायालयाच्या कसोटीस उतरला. त्याचे नाव ‘फेडरल एम्प्लॉयर्स लायबिलिटी ॲक्ट’. रेल्वेचे लोक आद्याक्षरे जुळवून त्याला ‘फेला’ म्हणतात, आपणही तसेच म्हणू.

फेलाने सहनोकराचा सिद्धान्त रेल्वेपुरता गाडून टाकला. कामगाराची चूक असेल तर दावा बुडत नाही, चुकीच्या प्रमाणात रक्कम कमी होते; शंभरातील तीस हिस्से चूक त्याची ठरली तर सत्तर हिस्से भरपाई मिळते. आणि सुरक्षिततेचा एखादा कायदा मोडून कंपनीने इजा घडविली असेल, तर तेवढीही कपात होत नाही. हे कलम श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे, आपल्या आगवाल्याच्या गोष्टीत ते पुन्हा येणार आहे. आणखी एक कलम मोठे मार्मिक होते. कित्येक कंपन्या नोकरांचे मदतफंड चालवीत आणि फंडातून पैसे घेणाराने दावा करू नये असे लिहून घेत. असला कोणताही करार फेलाने रद्दबातल केला. १९३९ च्या दुरुस्तीने धोका अंगावर घेतल्याचा बचावही नाहीसा झाला आणि दाव्याची मुदत दोन वर्षांवरून तीन वर्षे झाली.

परंतु या कायद्याची एक बाजू कामगाराला जड जाणारी होती व आहे. नुकसानभरपाईचा जो दुसरा प्रकार पुढे जगभर रूढ झाला, ज्या धर्तीवर आपल्याकडे १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला, त्यात धन्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. कामावर इजा झाली एवढे पुरते, मात्र रक्कम ठराविक मिळते. फेलात रकमेला मर्यादा नाही, ती ज्यूरी ठरविते. पण कंपनीचा हलगर्जीपणा कामगाराने शाबीत केला पाहिजे. अमेरिकेतील निरनिराळ्या संस्थानांत ठराविक भरपाईचे कायदे १९११ पासून होऊ लागले, तोवर रेल्वेवाले फेलाच्या छत्राखाली जाऊन बसले होते, ते तेथेच राहिले. यात त्यांचा लाभ अधिक झाला की तोटा, याबद्दल तेथे अजून वाद आहे. माझ्या मते, ज्याचा वकील चांगला आणि साक्षीदार जिवंत, त्याचा लाभ झाला.

आता आपल्या आगवाल्याकडे वळू. मिसुरी पॅसिफिक रेल्वेवर वाफेच्या इंजिनात कोळसा घालण्याचे काम त्याने सुमारे तीस वर्षे केले. त्याचे आडनाव युरी. त्याचा दावा ‘युरी विरुद्ध थॉम्प्सन’ या नावाने प्रसिद्ध आहे. थॉम्प्सन हे कंपनीचे विश्वस्त, कारण ती कंपनी १९३३ पासून दिवाळखोरीत होती. ज्यांनी वाफेची इंजिने जवळून पाहिली असतील त्यांना आठवेल, बॉयलरच्या पाठीवर एक घुमट असे. त्यात वाळू भरलेली असे. बॉयलरच्या उबेने ती कोरडी राही. चढणीवर अथवा ओल्या रुळांवर चाके जागच्या जागी फिरू लागली की ड्रायव्हर कळ दाबी, आणि नळ्यांतून ती वाळू चाकांपुढे रुळांवर पडे. चाकांना पकड मिळे. युरीचे म्हणणे असे की, त्याच्या इंजिनांवरील ही वाळूची यंत्रणा नादुरुस्त असे. वाळू प्रमाणाबाहेर पडे, चाकांखाली तिचा भुगा होई, आणि ती धूळ तो उभा असे त्या कॅबमध्ये शिरे. त्या वाळूत शेकडा ऐंशी ते नव्वद हिस्से सिलिका होती.

सिलिकेची अतिसूक्ष्म धूळ नाकातोंडात अडकत नाही. ती फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या कोशांपर्यंत पोहोचते. तेथे शरीराच्या रक्षक पेशी तिला गिळतात आणि स्वतःच मरतात. त्या जागी व्रण धरतो. असे व्रण साचत साचत फुप्फुसाचा लवचिकपणा जातो आणि माणसाला जिना चढणे कठीण होते. हा रोग सिलिकोसिस. अमेरिकेतील सामान्य जनतेला हे नाव माहीत झाले ते मुख्यतः वेस्ट व्हर्जिनियातील हॉक्स नेस्ट बोगद्यामुळे. तो बोगदा १९३० पासून खणला गेला, त्यात शेकडो मजूर या धुळीने मेले, आणि १९३६ साली काँग्रेसच्या समितीपुढे त्याची चौकशी झाली. १९४० च्या मे महिन्यात युरीला काम सोडावे लागले, आणि लवकरच डॉक्टरांनी त्याच्या रोगाला हेच नाव दिले. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी त्याने दावा लावला.

कंपनीचे दोन बचाव होते आणि दोन्ही तारखेशी बांधलेले होते. पहिला असा : १९०८ चा कायदा आणि १९११ चा बॉयलर तपासणीचा कायदा हे दोन्ही अपघातांसाठी केलेले आहेत. इंजिन फुटले, माणूस भाजला, तर ते लागू. हळूहळू जडलेल्या रोगाशी त्यांचा संबंध नाही. दुसरा बचाव अधिक धूर्त होता. मुदत तीन वर्षांची. दावा लागला १९४१ च्या नोव्हेंबरात. तीस वर्षे धूळ खाणाऱ्या माणसाला १९३८ च्या नोव्हेंबरापूर्वीच रोग जडला असला पाहिजे. म्हणजे दावा मुदतबाह्य. याचा सरळ अर्थ काढला तर असा निघतो की, ज्या काळात त्याला आपण आजारी आहोत हेच माहीत नव्हते, त्याच काळात त्याने फिर्याद करावयास हवी होती! आणि समजा त्याने तशी केली असती, तर इजा कोठे आहे असे विचारून त्याला परत पाठविले असते.

ज्यूरीने युरीला तीस हजार डॉलर दिले. मिसुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. बॉयलरचा कायदा अकस्मात् होणाऱ्या इजेपुरता आहे, हळूहळू बिघडणाऱ्या प्रकृतीसाठी नाही, असे त्याचे मत पडले. मग प्रकरण वॉशिंग्टनला गेले. ३१ मे १९४९ रोजी न्यायमूर्ती वायली रट्लेज यांनी बहुमताचा निकाल वाचला.

रट्लेज यांनी आधी कायद्याच्या शब्दांवर बोट ठेविले. फेलात ‘इजा’ असा शब्द आहे, ‘अपघात’ असा नाही. १९०८ साली काँग्रेसच्या सभासदांच्या डोळ्यांपुढे तुटलेले हातपायच असतील. परंतु म्हणून त्यांनी वापरलेला व्यापक शब्द आपण आखूड का करावा? कंपनीच्या हलगर्जीपणाने फुप्फुस गेले काय आणि पाय गेला काय, कामगाराचे कामाला मुकणे सारखेच. बॉयलरच्या कायद्याबद्दलही त्यांनी तसेच म्हटले. आणि तो कायदा मोडला की हलगर्जीपणा वेगळा सिद्ध करण्याची गरज उरत नाही, असे ठरविले. मघाशी सांगितलेले कपातीचे कलम येथे उपयोगी पडते हे श्रोत्यांच्या लक्षात आले असेलच.

मुदतीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला सर्व निकालपत्रातील उत्तम भाग वाटतो. दोन वाटा समोर होत्या. रोग कधीतरी १९३८ पूर्वी जडला म्हणून दावा फेटाळावा, ही एक. दुसरी अशी की, धुळीचा प्रत्येक श्वास ही नवी इजा धरावी आणि शेवटच्या तीन वर्षांच्या श्वासांपुरतीच भरपाई द्यावी. रट्लेज यांनी दोन्ही नाकारल्या. त्यांचा विचार असा की, असल्या रोगात धुळीशी आलेल्या संबंधाचा अमुक एक दिवस इजेचा दिवस म्हणून दाखविता येत नाही. तो एका दीर्घ कालावधीचा परिणाम असतो, एका क्षणाचा नव्हे. म्हणून साचलेल्या विषाचा परिणाम जेव्हा प्रकट होतो, तेव्हाच माणसाला इजा झाली असे समजावे. ज्याला आपल्या रोगाची जाणीव नव्हती आणि त्या अज्ञानात ज्याचा दोष नव्हता, त्याच्या अज्ञानाचाच आधार घेऊन त्याचा हक्क बुडवावयाचा, तर काँग्रेसने दिलेला उपाय हे केवळ मृगजळ ठरेल. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना हे सगळे मान्य नव्हते. व्यावसायिक रोगांचा प्रश्न हलगर्जीपणाच्या जुन्या कायद्यात कोंबू नये, असा त्यांचा रोख होता, आणि तो अगदीच टाकाऊ म्हणता येणार नाही. परंतु विधिमंडळ नवा कायदा करीपर्यंत युरीने काय करावे हा प्रश्न त्यात शिल्लक राहतो. रट्लेज हे त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, वारले.

अशा रीतीने तारीख नसलेल्या इजेला न्यायालयाने तारीख दिली : समजल्याची तारीख. या तत्त्वाला दुसरीही धार आहे. समजले, किंवा सावध माणसाला समजावयास हवे होते, तेथून तीन वर्षे मोजली जातात. डॉक्टरने ‘हा तुमच्या कामाचा परिणाम असावा’ असे म्हटल्यावर जो कामगार भिडेने किंवा नोकरीच्या भीतीने गप्प बसला, त्याचा दावा पुढे याच तत्त्वाने बुडू शकतो.

वाळूचे प्रकरण वाफेच्या इंजिनांबरोबर मागे पडले. पण इंजिनांनी जाताना आणखी एक वारसा ठेविला. बॉयलरची उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून त्यावर ॲस्बेस्टॉसचे जाड वेष्टन असे. दुरुस्तीच्या कारखान्यांत ते ठोकून काढावे लागे. ॲस्बेस्टॉसचा तंतू सिलिकेपेक्षाही धीमा. तो वीस, तीस, चाळीस वर्षांनी फळ देतो. डीझेल इंजिने आली, त्यांच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ साली निश्चित कर्करोगकारक ठरविले. लाकडी स्लीपरांना लावतात त्या क्रिओसोटचे आणि यंत्रे धुण्याच्या द्रावणांचे दावेही झाले. कारण किती मोठे असावे याबद्दल १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की, इजा घडविण्यात कंपनीच्या हलगर्जीपणाचा वाटा लहानात लहान असला तरी पुरे. २०११ साली त्याच तत्त्वाचा पुन्हा पुरस्कार झाला. ज्याने तंबाखूही ओढली आणि ॲस्बेस्टॉसही झेलले, त्याच्या दाव्यात या वाक्याचे महत्त्व काय, हे सांगावयास नको.

मग प्रश्न आला तो रट्लेज यांच्या उत्तराच्याही पलीकडचा. विष अंगात गेले आहे हे माहीत आहे, पण रोग अजून प्रकट झालेला नाही. अशा माणसाचे काय? न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकाखाली वाफेच्या नळांचे बोगदे आहेत. तेथे काम करणारे नळजोडारी १९८५ ते १९८८ या काळात ॲस्बेस्टॉसच्या पांढऱ्या धुळीने इतके माखून बाहेर पडत की त्यांना ‘बर्फाची माणसे’ असे नाव पडले होते. पुढे कंपनीच्याच वर्गात ती धूळ काय आहे हे त्यांना कळले. त्यांतील एकाने दावा लावला : मला कर्करोगाची धास्ती लागून राहिली आहे, आणि आयुष्यभर तपासण्या कराव्या लागणार, त्यांचा खर्च द्या. १९९७ साली न्यायमूर्ती ब्रायर यांनी लिहिलेल्या निकालात, रोगाचे चिन्ह नाही तोवर धास्तीची भरपाई नाही, आणि तपासण्यांसाठी एकरकमी पैसेही नाहीत, असे ठरले. लक्षावधी लोकांचा असल्या पदार्थांशी संबंध येतो, सर्वांना दारे उघडली तर खऱ्या रोग्यांसाठी पैसा उरणार नाही, हे त्यामागचे कारण. कारण व्यवहारी आहे, पण तपासणीचा खर्च ही काही कल्पनेतील धास्ती नव्हे, आणि त्या मुद्द्यावर न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी भिन्नमत नोंदविले ते मला पटते. सहा वर्षांनी, २००३ साली, त्यांनीच बहुमताचा निकाल लिहिला : ज्याला ॲस्बेस्टॉसने फुप्फुसाचा रोग प्रत्यक्ष जडला आहे, त्याला पुढे कर्करोग होईल या खऱ्या आणि गंभीर भीतीचीही भरपाई मागता येते. हा निकाल पाच विरुद्ध चार मतांनी झाला.

शेवटचा निकाल २०१२ सालचा. मिल्वॉकी रेल्वेच्या कारखान्यात १९४७ ते १९७४ पर्यंत एक गृहस्थ जोडारी आणि वेल्डर होते. बॉयलरची वेष्टने काढणे आणि ब्रेकचे ठोकळे बसविणे हे त्यांचे काम. नोकरी सोडून एकतीस वर्षे झाल्यावर, २००५ साली, त्यांना ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसावरणाचा कर्करोग निघाला. मिल्वॉकी रेल्वे तोवर राहिली नव्हती. १९८५ सालीच ती दुसऱ्या कंपनीने विकत घेतली होती. त्यांनी ते भाग बनविणाऱ्या कारखानदारांवर पेनसिल्व्हेनिया संस्थानाच्या कायद्याखाली दावा लावला, आणि दावा चालू असतानाच ते वारले. वारसांनी तो पुढे चालविला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, इंजिनाच्या भागांची रचना आणि बांधणी हे क्षेत्र बॉयलर तपासणीच्या त्याच जुन्या कायद्याने केंद्र सरकारला पूर्णपणे राखून दिलेले आहे. संस्थानांच्या कायद्यांना तेथे शिरकाव नाही. ज्या कायद्याने युरीचा दावा तारला, तोच येथे आडवा आला. न्यायमूर्ती सोटोमायर आणि त्यांचे दोन सहकारी यांचे म्हणणे पडले की, रचनेबद्दलचे आक्षेप बाजूस ठेविले तरी, धोक्याची सूचना न दिल्याबद्दल कारखानदारांना जबाब विचारता यावयास हवा होता. बहुमताने तेही नाकारले.